कोळ्याचा भाव आणि रानाचे मोल

हौसेला मोल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. हौशी माणूस पैशाकडे पाहत नाही, एवढाच तिचा अर्थ. परंतु मोल कोणाला तरी द्यावेच लागते आणि ते देणारा पुष्कळदा हौशी माणूस नसतो, ही गोष्ट त्या म्हणीत सांगितलेली नाही. ती ज्या उदाहरणावरून फार स्पष्टपणे दिसते ते उदाहरण वरवर पाहता अगदीच क्षुल्लक आहे. युरोप, अमेरिका, जपान येथील हजारो घरांतून टॅरंटुला या नावाने ओळखले जाणारे मोठे, केसाळ कोळी काचेच्या पेट्यांत पाळले जातात. गेल्या पन्नास वर्षांत या हौसेची तीन पर्वे झाली. पहिल्या पर्वात मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या कोळ्याचा बोलबाला होता; दुसऱ्यात चिलीतील गुलाबी छटेचा कोळी घरोघर पोहोचला; आणि तिसऱ्यात झगझगीत रंगांच्या ज्या जातींना मागणी आली, तीत आपल्या आंध्र प्रदेशातील एक निळा कोळी अग्रभागी आहे.

कोळ्यांच्या कैवारासाठी कार्यकर्त्याने वेळ खर्च करावा काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, मागणी एका देशात, माल दुसऱ्या देशातला आणि झीज मात्र त्या दुसऱ्या देशातील रानाच्या व रानालगतच्या माणसांच्या माथी, हा व्यवहार केवळ कोळ्यांपुरता मर्यादित नाही. मोठ्या व्यापारात तो आकड्यांच्या आणि करारांच्या गर्दीत झाकून जातो. या लहानशा व्यापारात मात्र तो उघडा पडतो, आणि म्हणूनच तो तपासून पाहणे उपयोगाचे आहे.

प्रथम या प्राण्याची जीवनरीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. टॅरंटुलांच्या एक हजारांहून अधिक जाती शास्त्राला ज्ञात आहेत. त्यांचे रूप भीतिदायक असले तरी त्यांच्या दंशाने मनुष्य दगावल्याचे खात्रीलायक उदाहरण नाही. अमेरिका खंडातील बहुतेक जाती संकटसमयी पोटावरील खाजरे केस उडवतात; आशियातील जातींजवळ ते साधन नाही, म्हणून त्या चटकन चावतात आणि त्यांचा दंश अधिक त्रासदायक असतो. पण महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कीटकवर्गाशी या प्राण्यांची आपण मनोमन तुलना करतो आणि ते झपाट्याने वाढत असतील असे गृहीत धरतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या कोळ्याची मादी वयात येण्यास कित्येक वर्षे घेते आणि त्यानंतर वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते. नर त्या मानाने अल्पायुषी. शेवटची कात टाकल्यावर तो मादीच्या शोधात बीळ सोडून हिंडतो आणि वर्षा-दीड वर्षात संपतो. मादी मात्र एकाच बिळात वर्षानुवर्षे ठाण मांडून असते. ती एका वेळी शेकडो अंडी घालते खरी, पण त्यांतून वयात येणारी पिल्ले फारच थोडी.

म्हणजे ज्याला पकडणे सर्वांत सोपे, जे गिऱ्हाइकाला सर्वांत हवेसे आणि ज्याच्यावर वंशाची सर्वाधिक भिस्त, ती एकच गोष्ट होय: वयात आलेली मादी. पाळणाऱ्याला दीर्घायुषी मादी हवी असते, कारण नर विकत घेऊन वर्षभरात गमावण्यात त्याला स्वारस्य नसते. बिळाचे तोंड ओळखता येणाऱ्या माणसाला ती जागेवरच सापडते. एखाद्या माळावरून अशा माद्या दोन-तीन हंगाम सतत काढल्या, तर तो माळ वरून होता तसाच दिसतो. पण त्याच्या पोटातील पुढची वीस वर्षे नाहीशी झालेली असतात.

पहिले पर्व: मेक्सिको

लाल गुडघ्यांच्या कोळ्याचे शास्त्रीय वर्णन १८९७ साली झाले. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या प्रदेशातील झुडपी रानांत तो राहतो. काळ्या मखमलीवर नारिंगी-तांबड्या पट्ट्या, शांत स्वभाव आणि दीर्घ आयुष्य, या गुणांमुळे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेच्या व युरोपच्या बाजारात तो पाळीव कोळ्यांचा जणू राजा ठरला. चित्रपटांनीही त्याला हातभार लावला. १९७७ साली ‘किंगडम ऑफ द स्पायडर्स’ या अमेरिकन चित्रपटासाठी हजारो जिवंत टॅरंटुला गोळा करण्यात आले होते. ज्या प्राण्याचे रूप पडद्यावर भीतीसाठी वापरले गेले, तोच प्राणी दुकानात आकर्षण म्हणून विकला जाऊ लागला. भीती आणि हौस यांचे हे साटेलोटे व्यापाऱ्याने ओळखले होते.

विकले गेलेले ते कोळी कोणी पैदा केलेले नव्हते. ते मुख्यतः रानातून उचललेले होते. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा जो करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला आणि १९७५ पासून अमलात आला, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात १९८५ साली या कोळ्याचा समावेश झाला. कोळ्यासारख्या जिवाला अशा करारात स्थान मिळणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. दुसऱ्या परिशिष्टाचा अर्थ संपूर्ण बंदी असा नव्हे. निर्यातीमुळे त्या जातीच्या अस्तित्वाला बाध येणार नाही अशी खात्री करून दिलेला परवाना आवश्यक, एवढाच त्याचा अर्थ. ज्या मेक्सिकोच्या रानातून हा माल जात होता तो देश स्वतः या करारात १९९१ साली सामील झाला. पुढे १९९४ च्या परिषदेत ब्राकीपेल्मा ही त्याची संपूर्ण प्रजातीच परिशिष्टात घेण्यात आली, कारण एकाच जातीवर निर्बंध घातला की व्यापारी तिच्या सख्ख्या बहिणीकडे वळतात, असा अनुभव सर्वत्र येत असतो.

या पर्वाची एक विलक्षण पुरवणी आहे. २०१७ साली होर्खे मेन्दोसा आणि ऑस्कर फ्रांके या मेक्सिकोतील शास्त्रज्ञांनी या कोळ्यांची नव्याने तपासणी केली, तेव्हा असे दिसून आले की बाजारात ‘स्मिथी’ या नावाने जे कोळी दशकानुदशके विकले गेले त्यांपैकी बहुतेक प्रत्यक्षात ‘हामोरी’ या वेगळ्या जातीचे होते. एक जात प्रामुख्याने गेरेरो प्रांतातली, दुसरी कोलिमा, हालिस्को व मिचोआकान या प्रांतांतली. ज्यांची खरेदी-विक्री झाली, ज्यांचे परवाने निघाले आणि ज्यांच्या नोंदी झाल्या त्यांची नावेसुद्धा कोणाला नीट ठाऊक नव्हती. ज्या वस्तूची आपण यादी करतो ती वस्तू कोणती हेच माहीत नसताना तिच्या साठ्याचा हिशेब मांडणे, याला व्यवस्थापन म्हणता येत नाही.

दुसरे पर्व: चिली

मेक्सिकोचा दरवाजा अर्धा मिटला, पण हौस मिटली नाही. ती दक्षिणेकडे सरकली. चिली देशाच्या मध्यभागातील कोरड्या झुडपी प्रदेशात आढळणारा गुलाबी छटेचा कोळी, ग्रॅमोस्टोला रोझिया, याचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ वालकनेर याने १८३७ सालीच करून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आणि त्यानंतरची बरीच वर्षे हाच अमेरिकेतील दुकानांत सर्वांत सहज मिळणारा टॅरंटुला होता. अगदी थोड्या डॉलरांत पूर्ण वाढ झालेली मादी घरी नेता येत असे. महिनोन् महिने काही न खाता ती जगे, फारशी हालचाल करीत नसे, निगा जवळजवळ लागत नसे. पाळणाऱ्यांनी तिला ‘पाळीव दगड’ असे लाडके नाव दिले. नवशिक्यांसाठी उत्तम, अशी शिफारस पुस्तकांतून व दुकानांतून होऊ लागली. याही बाबतीत ‘रोझिया’ आणि ‘पोर्टेरी’ या दोन नावांचा घोळ अखेरपर्यंत राहिला.

हा कोळी इतका स्वस्त का होता, या प्रश्नात या साऱ्या व्यापाराचे मर्म आहे. ज्या मादीला वयात यायला अनेक वर्षे लागतात तिला पिल्लापासून वाढवायचे तर तेवढी वर्षे तिला किडे पुरवावे लागतील, जागा द्यावी लागेल, ऊब राखावी लागेल, आणि मध्ये मरणाऱ्या पिल्लांचा तोटाही सोसावा लागेल. हा सारा खर्च धरून तिची किंमत ठरवली असती तर ती रानातून उचललेल्या मादीच्या कित्येक पट झाली असती. अर्थात कोणीही शहाणा पैदासकार या फंदात पडला नाही. रानातल्या मादीच्या किमतीत मोजली गेली ती केवळ बीळ उकरणाऱ्या हाताची मजुरी, डबा, विमानाचे भाडे आणि मधल्या लोकांचा नफा. निसर्गाने त्या प्राण्यावर खर्च केलेली वर्षे फुकट धरली गेली. स्वस्ताईचे रहस्य एवढेच होते.

पुढे चिलीतून येणारा हा ओघ आटला, आणि तेव्हा बाजाराला खरी किंमत कळली. कालपर्यंत कोपऱ्यातल्या दुकानात अल्प किमतीत मिळणारी मादी दुर्मिळ झाली, तिचा भाव वाढला. आणि जी जात सर्वांत सामान्य म्हणून हौशी मंडळी तुच्छतेने पाहत, तीच संग्राहकांच्या कौतुकाचा विषय बनली. ज्यांनी ती पाळली होती त्यांपैकी फार थोड्यांनी तिची पैदास करण्याचे कष्ट घेतले होते. कारण जे मुबलक असते त्याची पैदास करण्याची गरज कोणाला भासत नाही. स्वस्त वस्तूची कदर होत नाही, हे खरे; पण त्याहून खरे हे की, एखादी वस्तू स्वस्त ठेवूनच तिची कदर होऊ दिली जात नाही.

तिसरे पर्व: गुत्ती

आता आपल्या दारापर्यंत येऊ. आंध्र प्रदेशातील गुत्ती हे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला मुरारराव घोरपड्यांमुळे परिचित आहे. जगभरच्या कोळी पाळणाऱ्यांना ते दुसऱ्याच कारणाने परिचित आहे. १८९९ साली रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून एका कोळ्याचे वर्णन केले आणि त्याला ‘पिसिलोथेरिया मेटॅलिका’ असे नाव दिले. धातूसारखी चमकणारी निळाई, तीवर पांढरी-पिवळी नक्षी असे त्याचे रूप आहे. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या पूर्व घाटातील रानात तो पुन्हा सापडला, तेव्हा लक्षात आले की गुत्ती हे त्याचे घर नव्हेच. लाकडांच्या वाघिणींतून तो तेथवर आला असावा. त्याच्या जगाला पहिल्याने ज्ञात होण्याच्या कथेतच त्याच्या रानाच्या तोडीची कथा दडलेली आहे, हे विसरता कामा नये.

तो पुन्हा सापडला त्यानंतर थोड्याच काळात पाश्चात्त्य बाजारात त्याची विक्री सुरू झाली. प्रारंभी एकेका कोळ्याला शेकडो डॉलर मोजले गेले. भारताच्या निर्यात धोरणानुसार वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला त्या वेळीही मनाई होती. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत या कोळ्यांचे नाव नव्हते; त्यामुळे संरक्षित वनाबाहेर त्यांना पकडणाऱ्याला अडवण्याचे साधन वनरक्षकाच्या हाती फारसे नव्हते. वाघाच्या कातड्यासाठी पेट्या तपासणाऱ्या माणसाला काडेपेटीएवढ्या डबीतील पिल्लू दिसणार तरी कसे? २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने ही जात अतिसंकटग्रस्त ठरवली. तिचे ज्ञात वास्तव्य शंभर चौरस किलोमीटरांहून कमी क्षेत्रात आहे, आणि सरपण व इमारती लाकूड यांसाठी होणारी तोड आणि व्यापारासाठी होणारी पकड ही दोन संकटे तिच्यावर आहेत, असे त्या वेळी नोंदवले गेले.

पिसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती केवळ भारत आणि श्रीलंका या दोन देशांतच नैसर्गिकपणे आढळते. ती झाडांच्या ढोलींत राहते. म्हणजे जुने झाड गेले की तिचे घर गेले. आपल्या पश्चिम घाटातही तिची एक जात आहे. २०१९ साली जिनिव्हा येथे झालेल्या परिषदेत श्रीलंका व अमेरिका यांच्या प्रस्तावावरून ही सर्व प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आली. भारतात २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि त्या आंतरराष्ट्रीय करारातील जातींसाठी कायद्यात स्वतंत्र परिशिष्ट निर्माण झाले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र पुनःशोध २००१ चा आणि आंतरराष्ट्रीय संरक्षण २०१९ चे, हे अठरा वर्षांचे अंतर नजरेआड करता येत नाही.

कायदा मागून येतो

तिन्ही पर्वांत एकच क्रम दिसतो. आवड आधी पालटते, रान मग रिकामे होऊ लागते, आणि कायदा सर्वांत शेवटी पोहोचतो. तो पोहोचेपर्यंत आवड पुढच्या मुक्कामाला गेलेली असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनात कोळी, विंचू इत्यादी अष्टपादांच्या १,२६४ जाती व्यापारात आढळल्या. व्यापारातील प्राण्यांपैकी ६७ टक्के थेट रानातून आलेले होते. टॅरंटुलांच्या ज्ञात जातींपैकी निम्म्यापर्यंत जाती विक्रीस येतात. आणि व्यापारातील या जातींपैकी करारात समाविष्ट असलेल्या जाती होत्या केवळ ३०, म्हणजे सुमारे दोन टक्के. जातीगणिक एकेक प्रस्ताव मांडत बसलो तर हे अंतर कधीच तुटणार नाही.

करार असूनही काय घडते, याचाही दाखला आहे. २०१० साली लॉस एंजेलिस येथे जर्मनीतील एका व्यापाऱ्याला अटक झाली. त्याने टपालाच्या पुडक्यांतून शेकडो जिवंत टॅरंटुला अमेरिकेत पाठवले होते, आणि त्यांत संरक्षित लाल गुडघ्यांचे कोळीही होते. आणि २०१९ मध्ये मलेशियातील सारावाकच्या रानातील एका निळ्या पायांच्या कोळ्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा वर्णनासाठी वापरलेले नमुने संग्राहकांकडून आलेले होते आणि त्यांच्यासाठी परवाना दिलेला नव्हता, असे तेथील वनखात्याने सांगितले. शास्त्राला नाव देण्याचा मान, संग्राहकाला कोळी आणि सारावाकच्या रहिवाशांना मात्र काहीच नाही, अशी ही वाटणी झाली.

आता हौशी मंडळींची बाजू प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे की, कैदेत पैदास झाल्यामुळे रानावरील भार कमी होतो. हे अंशतः खरे आहे. लाल गुडघ्यांचे जे कोळी आज बाजारात मिळतात ते बहुतांशी पैदाशीचे आहेत. गुत्तीच्या निळ्या कोळ्याचीही पैदास होऊ लागल्यावर त्याचा भाव उतरला. दुसरे म्हणणे असे की, या प्राण्यांच्या कात टाकण्याविषयी, अंड्यांविषयी, आयुर्मानाविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे त्यात हौशी पाळणाऱ्यांच्या निरीक्षणांचा वाटा मोठा आहे. हेही मान्य केले पाहिजे. तिसरे म्हणणे असे की, ज्या मुलाने कोळी पाळला ते मूल पुढे कोळी चिरडत नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून केसाळ कोळी दिसताच त्याला ठेचण्याची जी रीत आहे ती लक्षात घेता, हा मुद्दाही हसण्यावारी नेता येणार नाही.

परंतु या तिन्ही म्हणण्यांना एक मर्यादा आहे. पैदास रानावरचा भार केव्हा कमी करते? रानातला माल महाग किंवा दुष्प्राप्य झाल्यावर, त्याआधी नव्हे. चिलीच्या कोळ्याने हे सिद्ध केले आहे. रानातली मादी स्वस्तात मिळत होती तोवर पैदास झाली नाही, आणि निर्बंध व टंचाई आल्यावरच ती परवडू लागली. तेव्हा निर्बंध हा पैदाशीचा शत्रू नसून तिची पूर्वअट आहे. दुसरे असे की, बर्लिनच्या किंवा टोकियोच्या काचपेटीत जन्मलेली हजार पिल्ले पूर्व घाटात परत येत नाहीत. तेथे वंश टिकतो, पण रान टिकत नाही. आणि रानाशिवाय टिकलेला वंश म्हणजे मूळ गावाचा पत्ता पुसलेला निर्वासितच होय. तिसरे, पैदाशीचा नफा जेथे भांडवल आणि गिऱ्हाईक आहे तेथेच राहतो. मूळ माद्या ज्या रानातून गेल्या तेथील माणसाला त्यातला एक छदामही मिळत नाही.

गुन्हेगार कोण, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो. पकडला जातो तो बहुधा बीळ उकरणारा, ढोलीत हात घालणारा गरीब माणूस. साखळीत सर्वांत कमी पैसा त्यालाच मिळतो आणि कायद्याचा बडगाही प्रथम त्याच्याच पाठीवर बसतो. नंद्यालच्या रानात सरपण गोळा करणाऱ्या बाईला कोळ्याच्या नावाने रानाबाहेर काढायचे आणि जुनी झाडे तोडणाऱ्या ठेकेदाराच्या मालमोटारीकडे डोळेझाक करायची, असे संरक्षण न्याय्य नाही आणि टिकाऊही नाही. ज्या लोकांना रानाबाहेर काढले जाते ते रानाचे पहारेकरी कधीच होत नाहीत.

मग करावे काय? पहिली गोष्ट, यादी करण्याची पद्धत बदलली पाहिजे. ज्या प्रजातीचे कोळी सावकाश वाढतात, अल्प क्षेत्रात राहतात आणि ज्यांना बाजारात मागणी आहे, त्यांची संपूर्ण प्रजाती एकदम यादीत घेतली गेली पाहिजे, आणि रानातून उचललेला माल विकण्यापूर्वी निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली पाहिजे. आयात करणाऱ्या देशांनीही एक साधा नियम स्वीकारावा: मूळ देशाच्या कायद्याविरुद्ध बाहेर आलेला प्राणी आपल्याकडे विकता येणार नाही. ज्या देशांतली हौस आहे त्यांनीच दाराशी पहारा द्यावा; रानातल्या गरीब देशाच्या वनरक्षकाने साऱ्या जगाच्या बाजारावर नजर ठेवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

दुसरी गोष्ट, पैदास व्हायची असेल तर ती मूळ देशात, तेथील लोकांच्या सहभागाने व्हावी. मेक्सिकोने १९९७ पासून वन्य जीवांच्या नियंत्रित पैदाशीची व उपयोगाची नोंदणीकृत केंद्रे चालवण्याची व्यवस्था उभी केली. टॅरंटुलांची कायदेशीर पैदासही तेथे होते. या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. पैदाशीच्या नावाखाली रानातला माल खपवण्याचा धोका अशा प्रत्येक योजनेत असतो आणि तपासणी कडक नसेल तर योजनाच चोरीची वाट बनते. तरीही रानालगतच्या माणसाला जिवंत रानापासून मिळकत व्हावी, हे तिच्यामागचे तत्त्व योग्य आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता समित्या स्थापन करण्याची आणि लोकांच्या सहभागाने जैवविविधतेची नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. कित्येक ठिकाणी या नोंदवह्या म्हणजे कोणीतरी बाहेरून भरून दिलेले कागद आहेत. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात आणि गोव्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या उघडून पाहाव्यात. त्यांत साग, आंबा, बिबट्या यांची नावे सापडतील. जुन्या झाडाच्या ढोलीतला कोळी सापडण्याची शक्यता कमी. गुराख्याला, लाकूडफाटा आणणाऱ्या बाईला, शाळेतल्या मुलाला तो कोठे राहतो हे ठाऊक असते. त्यांचे ज्ञान नोंदवहीत उतरले, तर अनोळखी माणूस डब्या घेऊन गावाभोवती हिंडू लागल्यावर ग्रामसभेला त्याला जाब विचारण्याचा आधार मिळेल. मात्र नेमक्या जागांचा तपशील गावापाशीच राहावा, बाहेर प्रसिद्ध होऊ नये. कारण सापडल्याची वार्ता आणि लुटीची वार्ता यांत अंतर किती थोडे असते, हे गुत्तीच्या कोळ्याने दाखवून दिले आहे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे आपल्याच शहरांकडे पाहणे. परदेशी प्राणी पाळण्याची हौस आता केवळ परदेशाची राहिलेली नाही. मुंबई-पुण्यातील सुखवस्तू घरांतूनही इग्वाना आणि परदेशी अजगर दिसू लागले आहेत. २०२४ मध्ये केंद्र सरकारने करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम केले, त्यामागे हीच वस्तुस्थिती आहे. पाश्चात्त्यांनी आपले रान लुटले म्हणून तक्रार करायची आणि आपल्या दिवाणखान्यात दुसऱ्या गरीब देशाचे रान सजवायचे, ही विसंगती आपल्या तक्रारीचे नैतिक बळ हिरावून घेईल.

कोणाला कोळी आवडू नये असे आमचे म्हणणे नाही. जे प्राणी बहुतेकांना किळसवाणे वाटतात त्यांच्याविषयी काही माणसांना ममत्व वाटते, ही मानवी स्वभावातील चांगलीच बाजू म्हटली पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो ममत्वाची किंमत दुसऱ्याच्या नावे मांडण्यावर. लाल गुडघ्यांचा कोळी, गुलाबी कोळी, निळा कोळी, आणि उद्या आणखी कोणता तरी. ही यादी लांबत जाईल, कारण हौसेला नावीन्य लागते आणि बाजार ते पुरवण्यास सदैव सज्ज असतो. वीस वर्षे जगणाऱ्या जिवाचा भाव त्याच्या वीस वर्षांसकट मांडला जाईल आणि त्यातला वाटा त्याच्या रानाला व त्या रानाच्या माणसाला मिळेल, तेव्हाच या यादीला आळा बसेल. तोपर्यंत ज्या रानाची पाळी अजून आलेली नाही त्याने आपण सुटलो असे समजू नये. आणि त्या रानांत आपला सह्याद्रीही आहे.